मांडवीपर्यंत आलेली तार घरात का येत नाही?



दरवर्षीप्रमाणे यंदाही मंडळाच्या वर्गणीसाठी आम्ही मांडवीच्या आसपासच्या पोळांतून फिरलो. एका वाड्यात काकू एकट्याच होत्या. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "नातू बंगळुरूहून पंधरा दिवसांसाठी आला होता. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली होती. इथे दोन दिवस कसेबसे काढले, तिसऱ्या दिवशी त्याने अलकापुरीत हॉटेल घेतले. वरच्या माडीवर तीन खोल्या रिकाम्या आहेत हो, आणि पोर हॉटेलात राहिले. का, तर घरात नेट नाही."

काकूंच्या घरी टेलिफोन आहे, आणि तो चांगला चाळीस वर्षांचा जुना आहे. त्यात खरखर येते, पावसाळ्यात तो महिना महिना मुका असतो, पण आहे. त्या तारेवर ब्रॉडबँड मिळावे म्हणून यजमान हयात असताना त्यांनी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच आले, "फिझिबल नाही." पुढे काचेच्या तारेचे, म्हणजे फायबरचे, दिवस आले. ती तार मांडवीच्या मोठ्या रस्त्यावर आली आणि पोळाच्या तोंडाशी थांबली. उत्तर पुन्हा तेच मिळाले.

राजकीय बातमीपत्राच्या संपादकीयात टेलिफोनच्या तारेची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, मांडवीतल्या मराठी घरांना आज याहून मोठा राजकीय प्रश्न नाही. मुले परगावी गेली याचे दुःख आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात करतो. परंतु ज्यांना परत येऊन चार महिने आईवडिलांजवळ राहणे शक्य आहे, त्यांनाही ज्या कारणाने राहता येत नाही, त्याकडे आपण पाहत नाही.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. मंडळाच्या कार्यालयाची कथा याहून वेगळी नाही. २००७ सालच्या उन्हाळ्यात कार्यकारिणीने कार्यालयात ब्रॉडबँड घेण्याचा ठराव केला. वधूवर सूचक विभागाची माहिती परगावी पाठवावी, बातमीपत्राचा मजकूर छापखान्याला धाडावा, परदेशी गेलेल्या सभासदांशी पत्रव्यवहार ठेवावा, एवढाच माफक हेतू. फॉर्म भरला, पैसे भरले. "पंधरा दिवसांत जोडून मिळेल" असे सांगण्यात आले. कंपनीचे नाव येथे मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. तीन आठवड्यांनी मोडेमचा खोका आला. त्यावरचे बाकीचे दिवे लागले, पण लाइनचा दिवा लुकलुकत राहिला. तो स्थिर झाल्याशिवाय नेट सुरू होत नाही, आणि तो स्थिर झालाच नाही.

तक्रार नोंदवली. संध्याकाळी निरोप आला की तक्रार निकालात निघाली. दिवा लुकलुकतच होता. पुन्हा नोंदवली, पुन्हा निकालात निघाली. त्या पावसाळ्यातल्या आमच्या वहीत चौदा तक्रार क्रमांक लिहिलेले आहेत. लाइनमन बिचारा भला माणूस होता. शिडीवरून उतरून म्हणाला, "काका, लाइन जूनी छे. वात थशे, पण नेट नहीं चाले." त्याने आम्हांला कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला बांधलेला जॉइंट दाखवला. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून वरून सुतळी बांधलेली होती. नवी केबल टाकायला वरून मंजुरी नव्हती. अखेरीस कागदावर तेच दोन शब्द आले आणि विषय मिटला. भरलेले पैसे परत मिळायला दिवाळी उलटून गेली.

या दोन शब्दांनी आपल्याला अठरा-वीस वर्षे गप्प बसवले आहे. म्हणून त्यांचा अर्थ एकदा नीट समजून घेऊ.

पुष्कळांना कोडे पडते की फोनवर बोलणे चालते, तर त्याच तारेवर नेट का चालत नाही? कारण साधे आहे. बोलण्यासाठी तारेला फार थोडे काम करावे लागते. माणसाचा आवाज फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात बसतो. जुन्या तारेवरचे ब्रॉडबँड, ज्याला एडीएसएल म्हणतात, ते त्याच तांब्याच्या जोडीवर सुमारे अकरा लाख हर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते. त्याच्या सुधारित प्रकारात हा पट्टा बावीस लाखांपर्यंत जातो. कंपन जितके जास्त, तितके ते तांब्यात लवकर विरते. म्हणून एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी, आणि हे अंतर नकाशावरचे सरळ अंतर नव्हे. तार एक्स्चेंजमधून निघते, पिलरला जाते, तिथून कोपऱ्यावरच्या डीपीच्या पेटीत येते आणि मग भिंतीवरून वळणे घेत घरात शिरते. ती सारी लांबी मोजायची. ही लांबी पाच किलोमीटरच्या आसपास गेली की त्या तारेवर जवळजवळ काहीच पोचत नाही.

अंतर हे एक कारण झाले. दुसरे कारण जॉइंट. प्रत्येक जॉइंट म्हणजे ओल शिरायची जागा. ओल शिरली की तांब्यावर गंज चढतो, दोन तारांमधला तोल बिघडतो आणि खरखर वाढते. माणसाचा कान त्या खरखरीतूनही शब्द ओळखतो, पण मोडेमला ते जमत नाही. तिसरे कारण आपल्याच घरात असते. जुन्या वाड्यांत एक फोन ओटीवर, त्याचेच एक्स्टेन्शन माजघरात, आणखी एक माडीवर, असा थाट असे. आजोबांनी ओढलेली ती तार आता कुठेच जात नाही, पण जोडलेली तशीच आहे. असा लोंबता फाटा संदेश परत फेकतो आणि ब्रॉडबँडचा घात करतो. तार घरात शिरते तिथेच स्प्लिटर बसवून मोडेमसाठी वेगळी तार घेतली आणि हे जुने फाटे तोडले, तर लुकलुकणारा दिवा काही घरांत स्थिरही होतो. हे काम आपले आहे आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

सांगायचा मुद्दा असा. "फिझिबल नाही" हा निसर्गाचा नियम नव्हे. गिरनारावर गलबत चालवता येत नाही, तशा अर्थाचे हे "शक्य नाही" नाही. दीड-दोनशे मीटर केबल बदलली, चार जॉइंट नव्याने बांधले, तर जे शक्य झाले असते, ते कोणी करायचे आणि कोणाच्या खर्चाने, एवढाच प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसले की हे दोन शब्द लिहिले जातात. फायबरचेही तसेच. काचेच्या तारेला ओलीचे आणि अंतराचे भय तांब्याइतके नाही. ती मोठ्या रस्त्यावरून पोळात येत नाही, याचे कारण विज्ञानात नाही. ते खोदाईची परवानगी, भिंतीवरून तार न्यायला शेजाऱ्याची संमती आणि "या पोळात किती कनेक्शने मिळतील" या हिशेबात आहे.

कायद्याकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण २००४ साली आले. तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. व्याख्या आठपट वाढली, पोळातली तार होती तीच राहिली. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. पैसे घेतल्यावर कामाच्या पंधरा दिवसांत जोडणी द्यावी, न दिल्यास दिवसाला दहा रुपये ग्राहकाच्या खात्यावर जमा करावेत, असे त्यांत होते. नियम चांगला होता. परंतु त्यालाच एक शेपूट होते, "तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्यास." शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याने जोडणी द्यायची तोच. म्हणजे आरोपीनेच न्यायाधीश व्हायचे. आमच्या कार्यालयाला ते दहा रुपये रोज कधी मिळाले नाहीत, आणि खरे सांगायचे तर मागायचे असतात हे आम्हांला ठाऊकही नव्हते. त्या नियमांच्या जागी १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम आले आहेत.

यावर एक उत्तर हमखास मिळते. "काका, आता मोबाइल आहे ना! तार हवी कशाला?" मोबाइल आहे, हे मान्य. २०१६ नंतर मोबाइलवरचे नेट स्वस्त झाले आणि त्याने पुष्कळांची सोय झाली, हेही मान्य. परंतु आपले वाडे विटाचुन्याच्या जाड भिंतींचे, पोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या सज्ज्यांतून वाटीभर साखर द्यावी. त्यात मोबाइलची लहर आतल्या खोलीपर्यंत पोचताना क्षीण होते. शिवाय एका टॉवरचा वेग साऱ्या पेठेत वाटला जातो. सणासुदीच्या दिवसांत मांडवीत खरेदीची गर्दी उसळली की घरातला व्हिडिओ जागीच थिजतो. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या पोळांतली मुले गच्चीवर, उन्हात, छत्री धरून वर्गाला बसलेली आम्ही पाहिली आहेत. त्याच शहरात ज्यांच्या घरी फायबर होते ती मुले पंख्याखाली बसून शिकत होती. डॉक्टरांशी बोलणे, बँकेचे काम, पेन्शनचा हयातीचा दाखला, परदेशातल्या लेकीशी व्हिडिओवर भेट, हे सारे आता नेटवरच आहे. वयाच्या ऐंशीव्या वर्षी एक बोट वर करून सिग्नल शोधत गच्चीवर चढायचे, ही सोय नव्हे.

मग शहराच्या मधोमध असलेल्या वस्तीला हे का मिळू नये? आमच्या मते याचे कारण असे की, जुने शहर कोणाच्याच योजनेत बसत नाही. खेड्यांसाठी सरकारची योजना आहे. २००२ सालापासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी अंशदान घेतले जाते, आणि त्यातून आधी खेड्यांत फोन आणि पुढे ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याचे काम हाती घेतले गेले. ते योग्यच आहे. नव्या वस्त्यांसाठी बाजार आहे. गोत्रीला किंवा वासणा रोडला नवी इमारत उभी राहते तेव्हा चार कंपन्यांची माणसे बिल्डरच्या दारात उभी असतात. एका जिन्यात तीस-चाळीस गिऱ्हाइके मिळतात. आपण खेडे नाही म्हणून सरकारच्या योजनेत नाही, आणि नवी सोसायटी नाही म्हणून बाजाराच्या योजनेत नाही.

इतर देशांनी या प्रश्नाला कसे तोंड दिले, हे पाहण्यासारखे आहे. फिनलंडने जुलै २०१० पासून सेकंदाला १ मेगाबिट वेगाचे नेट हा प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क केला. ब्रिटनने मार्च २०२० पासून १० मेगाबिटची जोडणी मागण्याचा हक्क दिला, आणि एका जोडणीमागे किती खर्चापर्यंत कंपनीने नकार देता कामा नये, तो आकडाही ठरवून टाकला. त्यामुळे तिथे "शक्य नाही" म्हणणाऱ्याला हिशेब मांडावा लागतो. आपल्याकडे अजून असा हक्क नाही.

परंतु एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे आणि ती आपल्या लोकांच्या ध्यानात आलेली नाही. दूरसंचार कायदा २०२३ ने त्या जुन्या निधीचे नाव "डिजिटल भारत निधी" असे केले आणि त्याचा हेतू सांगताना ग्रामीण आणि दुर्गम भागांबरोबर सेवेपासून वंचित असलेल्या शहरी भागांचाही उल्लेख केला. एकच शब्द आला, "शहरी." पण कायद्यातला एक शब्द म्हणजे पाय ठेवायला जागा असते. जुन्या तटबंदीच्या आतल्या वस्त्या या वंचित शहरी भागात मोडतात, हे आता कोणीतरी सांगायला हवे. बडोद्याने, अहमदाबादेने आणि पुण्याच्या पेठांनीही सांगायला हवे. आपोआप कोणी यादीत घालणार नाही.

येथे मांडवीचा थोडा इतिहास आठवतो, आणि तो अभिमानासाठी नव्हे तर तुलनेसाठी. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या मध्यभागी मांडवी उभी आहे. जे नवे येई ते आधी येथे येई. १९०८ साली बँक ऑफ बडोदा सुरू झाली ती मांडवीत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ते ग्रंथालयही मांडवीतच. याच योजनेत पुस्तकांच्या पेट्या भरून संस्थानातल्या खेडोपाडी पाठवल्या जात आणि वाचणाऱ्याला त्यासाठी काही द्यावे लागत नसे. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. या सगळ्यामागे एकच विचार होता की, ज्ञान माणसाच्या दारापर्यंत नेणे हे राज्याचे काम आहे. दूरच्या खेड्यात पुस्तके पाठवण्याला त्या काळी कोणी "फिझिबल नाही" म्हटले असते, तर ते चालले नसते. आज त्या ग्रंथालयाच्या हाकेच्या अंतरावरच्या घरात तार येत नाही आणि आपण ते चालवून घेतो.

चालवून घेतो, हा शब्द आम्ही जाणून वापरला. कारण या गोष्टीत आपला दोष थोडा नाही. आपली घरे जुनी, वंश मोठे, कागद अपुरे. कितीतरी घरांत टेलिफोन अजून कैलासवासी आजोबांच्या नावावर आहे. बिल भरले जाते, म्हणून नाव बदलायचे कोणाला सुचत नाही. नव्या जोडणीसाठी नाव बदलायचे तर मृत्यूचा दाखला हवा आणि वारसांची संमती हवी. वारस पाच ठिकाणी, त्यातल्या दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद. भिंतीवरून तार न्यायची तर शेजारच्या वाड्याचे भाडेकरू आणि मालक यांचा दावा पंचवीस वर्षे कोर्टात. कंपनीचा माणूस आला की एक जण म्हणतो "माझ्या भिंतीला भोक पाडायचे नाही," दुसरा म्हणतो "आधी त्याच्याकडे द्या मग माझ्याकडे बघू." माणूस वही मिटून निघून जातो. त्यालाही महिन्याचा आकडा गाठायचा असतो.

आणि याबाबत आधी आमचेच कान धरले पाहिजेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाच्या पोळातल्या सात घरांनी मिळून एकच अर्ज केला. प्रत्येक भिंतीच्या मालकाची संमती आधीच लिहून घेतली, तार कोणत्या गच्चीवरून कशी जाईल याचा नकाशा एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी काढून दिला, आणि सातही घरांनी एक वर्षाचे कनेक्शन घेण्याची हमी दिली. ज्या पोळाला पंधरा वर्षे "शक्य नाही" असे सांगितले जात होते, तिथे पाच महिन्यांत फायबर आले. सहा घरांत दिवा स्थिर आहे. सातवे घर म्हणजे आमचे कार्यालय. तिथे अजून जोडणी नाही, कारण जागेचे कागद एका दिवंगत विश्वस्तांच्या नावावर आहेत आणि त्यांच्या दोन वारसांच्या सह्या आणायचे काम कार्यकारिणीने दोन वर्षे "पुढच्या सभेत पाहू" म्हणून ठेवले आहे. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी हे कबूल केलेले बरे.

त्या सात घरांच्या अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, तोंडी नकार घेऊ नये. "शक्य नाही" असे म्हणाल तर लेखी द्या, आणि कारणासकट द्या, असे नम्रपणे पण ठामपणे म्हणावे. तारेची लांबी किती, मोजणी कोणत्या दिवशी केली, दोष केबलमध्ये की डीपीत, हे विचारावे. लेखी द्यायचे म्हटले की निम्मे नकार विरघळतात. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये भरून हीच माहिती मागता येते.

दुसरी, तक्रार क्रमांक जपावा. २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळालाच पाहिजे, आणि निकाल पटला नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क जाता येते. त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी ऐकत नाही, म्हणून तिकडे पत्रे पाठवून वेळ घालवू नये.

तिसरी, ग्राहक मंचाचे दार उघडे आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे टेलिफोनची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही, असा समज पक्का झाला होता आणि पुष्कळ वकील अजूनही तेच सांगतात. परंतु १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक मंचाकडे जाता येते, असा स्पष्ट निर्णय दिला आहे. हे ध्यानात ठेवावे.

चौथी आणि सर्वांत मोठी, एकट्याने मागू नये. एका घराची मागणी म्हणजे कंपनीला खर्च, सात घरांची मागणी म्हणजे धंदा. "गाव करी ते राव न करी" ही म्हण आपल्याला नवी नाही. पोळातल्या गुजराती, मुसलमान, मारवाडी शेजाऱ्यांना बरोबर घ्यावे. तार जात विचारून येत नाही, आणि ज्या शेजाऱ्याच्या भिंतीवरून ती यायची त्याच्याशी बोलणे बंद ठेवून ती कधीच येणार नाही.

पाचवी गोष्ट नगरसेवकांची. ब्रॉडबँड महापालिकेच्या हातात नाही, असे ते सांगतील आणि ते अर्धे खरे आहे. पण रस्ता महापालिकेचा आहे. खोदाईची परवानगी तिच्याकडून जाते, आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांनुसार अशा अर्जांवर ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा लागतो. पाणी, गटार किंवा गॅससाठी पोळ दर चार-दोन वर्षांनी खणला जातोच. त्याच वेळी एक रिकामा पाइप टाकून ठेवला, तर पुढे कोणत्याही कंपनीला त्यातून तार ओढता येईल आणि पुन्हा फरशी उखडावी लागणार नाही. आपल्या प्रत्येक वॉर्डाला चार नगरसेवक आहेत. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा एकच प्रश्न विचारावा, "आमच्या पोळात रिकामा पाइप केव्हा टाकणार?" मराठी मतांच्या गठ्ठ्याची भाषा करणाऱ्यांनी हारतुऱ्यांऐवजी या प्रश्नाचे उत्तर आणावे. खासदारांना विचारावे की डिजिटल भारत निधीतून जुन्या शहरांसाठी योजना व्हावी म्हणून त्यांनी काय केले.

मंडळाच्या वतीने आम्ही एवढे ठरवले आहे. येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दोन तास कार्यालयात एक मेज याच कामासाठी राहील. टेलिफोनचे बिल, नावबदलाचे कागद, नकाराची चिठ्ठी, जे असेल ते घेऊन यावे. अर्ज लिहून देऊ, पोळवार याद्या करू आणि जिथे पाच घरे जमतील तिथे एकत्र अर्ज पाठवू. वारसांच्या सह्यांचे अडलेले काम असेल तर वडीलधाऱ्या सभासदांपैकी कोणीतरी मध्ये पडून दोन भावांना एका ओट्यावर बसवील, हेही सांगून ठेवतो. पहिला कागद आमच्याच कार्यालयाचा असेल.

काकूंच्या पोळात नऊ घरे आहेत. त्यांतल्या चार घरांना कुलूप आहे, पण त्यांच्या मालकांचे पत्ते आमच्या वहीत आहेत. त्यांना पत्रे गेली आहेत. दिवाळीला नातू पुन्हा येणार आहे. माडीवरची खोली झाडून ठेवा, असे आम्ही काकूंना सांगून आलो आहोत. ते बोलणे खरे करण्याची जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.